पैलवानाचे दंड, कारकुनाचे गुडघे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमेरिकेत १९६० च्या दशकात मोटारींची एक नवी जात जन्माला आली. साध्या माणसाच्या ऐपतीतली मध्यम आकाराची गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं, एवढीच तिची कृती. पुढे या गाड्यांना ‘मसल कार’ असं नाव पडलं. मसल म्हणजे स्नायू. आपल्याकडे पोरं दंड फुगवून बेटकुळी दाखवतात ना, तशी ही बेटकुळी दाखवणारी गाडी.

आज या गाड्या साठीला पोचल्या आहेत, तरी त्यांचे शौकीन कमी झालेले नाहीत. एखादा गृहस्थ जुनी पाँटियाक, मस्टँग किंवा कमॅरो हौसेने विकत घेतो, तिला रंग देतो, इंजिन उघडून नीट करतो आणि रस्त्यावर काढतो. सरळ रस्त्यावर सगळं छान चालतं. पहिलं वळण आलं की गाडी एका अंगावर कलते, टायर किंचाळतात, स्टिअरिंग फिरवलेलं गाडीला उशिरा कळतं. खड्डा आला तर मागचा भाग एकदा उडून थांबत नाही, तीनदा उडतो. मग तो गृहस्थ ठरवतो की सस्पेन्शन सुधारायचं. बाजारात पाहतो तर स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, दांडे, बुश, एवढंच काय, गाडीचा पुढचा अख्खा सांगाडासुद्धा नवा मिळतो. यातलं काय घ्यावं?

प्रश्न गॅरेजमधला आहे, पण त्याचं उत्तर शोधायला थोडं इतिहासात जावं लागतं. ही गाडी अशी का घडली, काटकसर कुठे झाली आणि ती ज्यांना खटकली त्यांनी काय केलं, हे कळलं की निवड निम्मी सोपी होते.

सस्पेन्शन म्हणजे गाडीचं धड आणि चाकं यांच्यामधली सगळी जोडणी. तिची कामं दोन. रस्त्याचा धक्का माणसापर्यंत पोचू द्यायचा नाही, हे एक. आणि चाक जमिनीवर टेकलेलं ठेवायचं, हे दुसरं. पहिलं काम आपल्या पाठीला कळतं, म्हणून त्याचं कौतुक होतं. दुसरं काम जीव वाचवतं, पण ते दिसत नाही. चाक जमिनीवर नसेल तर ब्रेक, स्टिअरिंग आणि इंजिन ही तिन्ही असून नसल्यासारखी.

आपल्याकडे ट्रकच्या चाकांपाशी पोलादी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या दिसतात. मिस्त्री त्यांना पाटे म्हणतात. घाटात ट्रक आडवा उभा असला की ‘पाटा तुटला’ हे कारण आपण अनेकदा ऐकलेलं असतं. या पाट्यांचं कूळ जुनं आहे. घोडागाडीच्या काळात, १८०४ साली, लंडनच्या ओबाडाया इलियट याने लंबवर्तुळाकार स्प्रिंगचं पेटंट घेतलं आणि बग्गीतला प्रवास सुसह्य झाला. मोटार आली तेव्हा तिने पाटे बग्गीकडूनच वारशात घेतले. आणि गंमत अशी की ताशी शंभर मैलांच्या वर पळणाऱ्या मस्टँग आणि कमॅरो या गाड्यासुद्धा मागच्या बाजूला याच पाट्यांवर उभ्या होत्या.

सस्पेन्शनचं शास्त्र तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, असं मात्र नाही. मॉरिस ऑली हा ब्रिटिश अभियंता रोल्स-रॉइसमधून १९३० साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आला. त्याने एका मोठ्या गाडीला पुढेमागे हलवता येतील अशी वजनं लावली, स्प्रिंगा बदलण्याची सोय केली आणि माणसं बसवून गाडी फिरवली. कुठल्या जुळणीत पोटात ढवळतं आणि कुठल्या जुळणीत बरं वाटतं, हे बसणाऱ्यांनाच ठरवू दिलं. त्यातून एक साधी गोष्ट निघाली. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ हव्यात. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, क्षणभराने मागच्या चाकांना. उशिरा हललेला मागचा भाग थोडा जलद हलला, तर तो पुढच्या भागाला गाठतो आणि गाडी होडीसारखी डोलायची थांबून सपाट वरखाली होते. एसटीच्या अगदी मागच्या बाकावर बसून ज्याने प्रवास केला आहे, त्याला या डोलण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

पण पुढचे पाटे मऊ केले की आडवा एक्सल थरथरू लागे आणि स्टिअरिंग हातात हिसके देई. म्हणून पुढची दोन चाकं एकमेकांपासून सुटी करावी लागली. १९३४ च्या मॉडेलांत जनरल मोटर्सने ही स्वतंत्र जोडणी आणली आणि तिला नाव दिलं ‘नी-ॲक्शन’, म्हणजे गुडघ्याची चाल.

गुडघा हा शब्द मला फार नेमका वाटतो. तीस वर्षांनी जे घडलं ते त्याच शब्दात सांगता येतं. अमेरिकेने गाडीला पैलवानाचे दंड दिले, पण गुडघे कारकुनाचेच ठेवले.

ते कसं घडलं, पाहा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सचा एक अंतर्गत नियम होता. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटियाक विभागाचा मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्याचे सहकारी यांनी त्यातून पळवाट काढली. नियम मॉडेलांना लागू होता. जादा पैसे भरून घ्यायच्या सोयींना नव्हता. मग १९६४ साली टेम्पेस्ट लेमान्स या गाडीवर ३८९ घनइंचांचं इंजिन ‘सोय’ म्हणून देण्यात आलं. अश्वशक्ती ३२५, तीन कार्ब्युरेटरांचा संच घेतला तर ३४८. नाव ठेवलं जीटीओ. स्प्रिंगा थोड्या कडक केल्या होत्या, पण ब्रेक चारही चाकांना जुन्या ड्रमचेच होते.

त्याच वर्षी, त्याच कंपनीच्या ओल्ड्समोबिल विभागाने तशाच सांगाड्यावर ४-४-२ नावाची गाडी काढली. तिचा उगम पोलिसांच्या पाठलागासाठी केलेल्या जुळणीत होता. इंजिन ३३० घनइंचांचं, अश्वशक्ती ३१०. पण तिला मागच्या बाजूलाही एक आडवा पोलादी दांडा होता. वळणावर गाडीचं धड बाहेरच्या अंगाला कलू लागलं की हा दांडा पिळला जातो आणि कल रोखतो. इंग्रजीत त्याला अँटी-रोल बार म्हणतात, काही जण स्वे बार म्हणतात. थोडक्यात, या गाडीच्या दंडांबरोबर गुडघ्यांचाही विचार झाला होता.

आता खपाचे आकडे ऐका. १९६४ च्या मॉडेल वर्षात जीटीओ गाड्या निघाल्या ३२,४५०. ४-४-२ निघाल्या २,९९९. ४-४-२ वर्षाच्या मध्याला बाजारात आली आणि तिची जाहिरात फारशी झाली नाही, हे खरं. तरीही गिऱ्हाईक कशाकडे बघून पैसे मोजतं, ते सगळ्या कंपन्यांना दिसलं. इंजिनाचा आकडा गाडीच्या अंगावर बिल्ला म्हणून लावता येतो. बुडाखालच्या दांड्याचा बिल्ला कोण लावणार?

तोल ही जादा पैसे देऊन घ्यायची वस्तू ठरली की काय होतं, हे शेव्हरोलेच्या कॉर्व्हेर या गाडीने दाखवलं. ती मसल कार नव्हती. १९६० च्या मॉडेलपासून निघालेली, इंजिन मागे असलेली छोटी कौटुंबिक गाडी. तिच्या मागच्या चाकांची जोडणी अशी होती की जोराच्या वळणावर बाहेरचं चाक पोटाखाली दुमडू शके. पुढच्या बाजूला एक आडवा दांडा मुळातच बसवला असता तर हा धोका कमी झाला असता. तो पहिल्या चार वर्षांच्या साध्या गाडीत दिला गेला नाही. त्याऐवजी मालकाने पुढच्या टायरमध्ये १५ पौंड आणि मागच्यात २६ पौंड हवा ठेवावी, अशी सूचना होती. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या किती पोरांना हे ठाऊक असणार? १९६४ च्या मॉडेलात दांडा आला, १९६५ च्या मॉडेलात मागची सगळी जोडणीच नवी आली. पण नोव्हेंबर १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. त्याचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेरवर होतं. वर्षभराच्या आत, सप्टेंबर १९६६ मध्ये, अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला.

या गोष्टीला आणखी एक शेपूट आहे. १९७२ साली सरकारी खात्याने जुन्या कॉर्व्हेरच्या चाचण्या जाहीर केल्या. तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा ती उलटण्याचा धोका जास्त नव्हता, असा निष्कर्ष निघाला. कॉर्व्हेरचे चाहते तो आजही अभिमानाने सांगतात. मला मात्र त्याचा अर्थ असा लागतो की बाकीच्याही गाड्या तशाच होत्या.

त्या बाकीच्यांतली सर्वांत लाडकी म्हणजे फोर्डची मस्टँग. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. किंमत २,३६८ डॉलर. पहिल्या बारा महिन्यांत चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. एवढी देखणी गाडी एवढ्या स्वस्तात कशी मिळाली? कारण वरचा अंगरखा नवा असला तरी खालचे भाग बरेचसे फाल्कन या फोर्डच्या साध्यासुध्या गाडीचे होते. पुढे स्प्रिंगा, मागे पाटे आणि त्यांच्यावर सबंध आडवा एक्सल. कारकुनाने ऑफिसला जावं अशी ती फाल्कन. तिचेच गुडघे आता मस्टँगच्या वाट्याला आले.

इथे कॅरल शेल्बी येतो. टेक्सासचा हा माणूस कधीकाळी कोंबड्या पाळत असे. १९५९ साली त्याने फ्रान्समधली ‘ल माँ’ची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. मस्टँगला शर्यतीत उतरवायचं काम फोर्डने त्याच्याकडे दिलं. त्याचा चाचणीचालक होता केन माइल्स. २०१९ च्या ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ या चित्रपटामुळे हे नाव आपल्याकडेही पोचलं. त्यांनी १९६५ साली जी गाडी केली ती जीटी ३५०. इंजिन २७१ वरून ३०६ अश्वशक्तीवर नेलं, हे सगळे सांगतात. पण खरी करामत चार भोकांत होती.

ती अशी. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन बाहू धरून ठेवतात, एक वरचा आणि एक खालचा. मूळ मस्टँगमध्ये वळणावर धड कललं की बाहेरचं चाकही त्याच्याबरोबर कले आणि टायर आपल्या कडेवर उभा राही. बूट वाकडा करून चालावं तसं. फोर्डचाच अभियंता क्लाउस आर्निंग याने मांडलेल्या भूमितीप्रमाणे शेल्बीच्या माणसांनी वरच्या बाहूच्या बिजागरीसाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं एक इंच खाली पाडली. एवढ्याने धड कललं तरी टायर रस्त्यावर अधिक सपाट राहू लागला. शिवाय एक इंच जाडीचा दांडा, कोनी कंपनीचे चांगले शॉक ॲब्सॉर्बर, मागचा एक्सल पिळू नये म्हणून आधाराच्या पट्ट्या आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे बुरूज एकमेकांना बांधणारी बळकट कैची. ही गाडी १९६५, १९६६ आणि १९६७ अशी तीन वर्षं आपल्या वर्गात अमेरिकेची विजेती ठरली.

आणि पुढे काय झालं? १९६६ चं उत्पादन सुरू झाल्यावर थोड्याच काळात ती भोकं पाडणं बंद झालं. खर्च वाचवायचा होता. ज्या गोष्टीने गाडी जिंकली, तीच हिशेबात पहिली कापली गेली.

शेव्हरोलेच्या कमॅरोची कथा याहून वेगळी नाही. १९६६ च्या सप्टेंबरात बाजारात आलेल्या या गाडीला मागच्या बाजूला प्रत्येक चाकामागे फक्त एकच पाटा होता. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की तो पाटा नागमोडी पिळला जाई, सुटे, पुन्हा पिळला जाई आणि मागची चाकं रस्त्यावर उड्या मारत. १९६८ च्या मॉडेलात कंपनीने एक शॉक ॲब्सॉर्बर एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला, आणि ताकदवान गाड्यांना एकावर एक रचलेले अनेक पाटे दिले. तिकडे रॉजर पेन्स्की यांच्या संघाचा चालक मार्क डोनह्यू याच कमॅरोला मोठ्या गोल रिंगणात फिरवून ती किती धरून राहते ते मोजत होता. डोनह्यू यांत्रिक अभियांत्रिकी शिकलेला. वळणावरची पकड म्हणजे नशीब नव्हे, मोजता येणारी गोष्ट आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. १९६८ आणि १९६९ ची ट्रान्स-ॲम स्पर्धा शेव्हरोलेला मिळाली ती या संघामुळे.

क्रायस्लर कंपनीची वाट आणखी वेगळी. तिने १९५७ पासूनच पुढच्या बाजूला स्प्रिंगांऐवजी पिळल्या जाणाऱ्या पोलादी कांबी वापरल्या. मागे पाटेच होते, पण सरळ शर्यतीच्या गाड्यांसाठी तिने त्यांचा पुढचा अर्धा भाग आखूड आणि कडक केला, आणि इंजिनाच्या पिळाला उत्तर म्हणून उजवा पाटा डाव्याहून जास्त कडक ठेवला. पाव मैल सरळ सुसाट पळण्यासाठी ही जुळणी उत्तम. घाटाच्या रस्त्याला तिचा उपयोग नाही. आपली निवड इथूनच सुरू होते.

मसल कारचा मूळ काळ फार टिकला नाही. १९७० च्या सुमारास विम्याचे हप्ते भडकले, त्याच वर्षी हवेच्या प्रदूषणाचा कडक कायदा आला, आणि १९७३ च्या तेलसंकटाने कंबर मोडली. मात्र त्याच वर्षांत एक महत्त्वाचा बदल होत होता. टायर बदलत होते. या गाड्यांच्या चाकांचे कोन जुन्या आडव्या-तिडव्या धाग्यांच्या टायरसाठी ठरवलेले होते. रेडियल टायर मुळातच लावून आलेली पहिली अमेरिकन गाडी १९७० च्या मॉडेलची लिंकन. त्यानंतर काही वर्षांत ते सर्रास झाले. रेडियल टायरला रस्त्यावर टेकण्याची वेगळी ढब लागते. म्हणजे आज कोणी जुन्या मस्टँगला नवे टायर घालून १९६५ च्या पुस्तकातले कोन लावत असेल, तर तो नव्या पायात जुना जोडा घालतो आहे.

१९९० च्या दशकात अमेरिकेत एक चळवळच उभी राहिली. जुनं रूप ठेवायचं, पण गाडी वळली, थांबली पाहिजे आजच्यासारखी. तिला ‘प्रो-टूरिंग’ म्हणतात. कमॅरो गाड्या घडवणारा अभियंता मार्क स्टीलो याचं नाव या शब्दाशी जोडलं जातं. तेव्हापासून सुट्या भागांचा बाजार इतका फुलला की निवडीचीच पंचाईत झाली.

आता त्या गृहस्थाच्या प्रश्नाकडे येऊ. इतिहासाने हातात काय दिलं?

पहिली गोष्ट, गाडी कशासाठी हवी ते ठरवा. सरळ शर्यतीसाठी पुढच्या स्प्रिंगा मऊ आणि नाक झटकन वर येऊ देणारे शॉक ॲब्सॉर्बर लागतात. त्याने वजन मागच्या चाकांवर जातं आणि पकड वाढते. हेच भाग घेऊन डोंगरी रस्त्यावर गेलात तर ब्रेक मारताना आणि वळताना गाडी साथ देणार नाही. शर्यतीच्या मैदानावर वळणं कापायची असतील तर कडकपणा हवा, पण तोच कडकपणा शंभर मैलांच्या सहलीत कंबर धरेल. तिन्ही सुखं एका संचात मिळतील असं सांगणाऱ्या जाहिरातीपासून चार हात दूर राहावं.

दुसरी गोष्ट, नवं आणण्याआधी जुनं तपासा. साठ वर्षांच्या गाडीत रबराचे बुश दगडासारखे झालेले किंवा भुगा झालेले असतात, बॉल जॉइंट खिळखिळे, पाटे बसलेले. कमॅरोत पुढचा सांगाडा आणि धड यांच्यामधले रबर संपलेले असतात. मस्टँगमध्ये इंजिनाच्या बाजूच्या बुरुजांना तडे जातात. पेटीच लवत असेल तर तिला महागड्या स्प्रिंगा लावून काय उपयोग? पुष्कळदा एवढी दुरुस्ती केली, चांगले रेडियल टायर घातले आणि चाकांचे कोन त्या टायरप्रमाणे लावून घेतले की निम्मी तक्रार मिटते.

तिसरी पायरी शॉक ॲब्सॉर्बरची. स्प्रिंग उडते आणि शॉक ॲब्सॉर्बर तिला आवरतो. स्प्रिंग कडक केली आणि शॉक ॲब्सॉर्बर जुनाच ठेवला, तर घोडा तगडा आणि लगाम सुतळीचा, अशी गत होते. म्हणून हे दोन भाग एकमेकांना जुळणारेच घ्यावेत. स्प्रिंग कापून किंवा तापवून गाडी बुटकी करण्याचा एक प्रकार चालतो. तापवल्याने पोलादाचं पाणी उतरतं, आणि बुटक्या गाडीच्या चाकाला वर जायला जागाच उरत नाही.

चौथी पायरी आडव्या दांड्याची. इथे थोडं गणित आहे. दांड्याचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. पाऊण इंचाचा दांडा काढून एक इंचाचा घातला तर तो तिपटीहून अधिक ताठर होतो. म्हणून ‘जितका जाड तितका चांगला’ हा हिशेब इथे चालत नाही. फक्त पुढचा दांडा फार जाड केला तर गाडी वळायला नाखूश होते. फक्त मागचा जाड केला तर शेपूट अचानक बाहेर निघतं, आणि ओल्या रस्त्यावर ते सावरायला वेळ मिळत नाही. पुढचा आणि मागचा दांडा यांची जोडी जमली पाहिजे.

पाचवी पायरी भूमितीची, म्हणजे शेल्बीच्या भोकांची. मस्टँगवाल्याला ही सुधारणा आजही जवळजवळ फुकटात पडते. भोकं नेमक्या जागी पाडणारा हात तेवढा हवा. जनरल मोटर्सच्या गाड्यांना तोच परिणाम उंच बॉल जॉइंट किंवा नवे वरचे बाहू लावून साधता येतो. रबराऐवजी कडक युरेथेनचे बुश घ्यावेत असा आग्रह पुष्कळ जण धरतात. पुढे ते ठीक. पण जीटीओसारख्या गाडीत मागचा एक्सल चार तिरक्या दुव्यांवर टांगलेला असतो, आणि तिथे रबराचं थोडं लवणं हे कामाचाच भाग असतं. ते बंद केलं तर दुवे अडकून बसतात.

अगदी शेवटची पायरी, जुना सांगाडा कापून नवा बसवण्याची. गाडी त्याने खरोखर आजची होते. पण कापलेलं पुन्हा जोडता येत नाही.

गझल लिहिणाऱ्यांत इस्लाह नावाची जुनी रीत आहे. शागीर्द शेर दाखवतो आणि उस्ताद दुरुस्त करतो. चांगला उस्ताद कमीत कमी शब्द हलवतो. एक शब्द पुढेमागे करतो आणि अडखळणारी ओळ चालू लागते. सगळा शेर नव्याने लिहून दिला, तर तो उस्तादाचा झाला, शागिर्दाचा राहिला नाही. शेल्बीच्या माणसांनी चार भोकांत जे केलं ती इस्लाह होती. १९६४ च्या ४-४-२ चा मागचा दांडा ही इस्लाह होती. म्हणून मी सुचवेन की जी सुधारणा उद्या काढून ठेवता येईल ती आधी करावी, आणि काढलेले मूळ भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावेत. अजून कोणी हात न लावलेली गाडी मिळालीच, तर ती त्या काळाचा दस्तऐवज आहे, हे विसरू नये. तिच्या चुकासुद्धा दस्तऐवजाचाच भाग आहेत.

पण दस्तऐवज कपाटात असतो आणि गाडी रस्त्यावर येते, हा फरकही लक्षात ठेवला पाहिजे. १९६६ पर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकना तेल पुरवणारी वाट एकच असे; ती एका ठिकाणी फुटली की चारही ब्रेक गेले. अशा गाडीत सस्पेन्शनआधी दुहेरी वाटेचा ब्रेक बसवावा. मूळपणाच्या अभिमानापोटी तो न बसवणं मला पटत नाही, कारण समोरून येणाऱ्या माणसाने आपल्या गाडीच्या इतिहासाची जोखीम पत्करलेली नसते.

ज्या मस्टँगचे गुडघे कारकुनाचे होते, तिच्या सगळ्या गाड्यांना मागची चाकं एकमेकांपासून सुटी मिळाली ती २०१५ च्या मॉडेलपासून. मधल्या काळात काही खास गाड्यांचा अपवाद सोडला तर पन्नास वर्षं तोच आडवा एक्सल चालला. ऑलीने हे शास्त्र १९३० च्या दशकात मांडलं होतं, शेल्बीने पुढच्या चाकांपुरतं १९६५ साली करून दाखवलं होतं. ज्ञान होतं, हातही होते. पैसे कुठे घालायचे, एवढंच ठरत नव्हतं.

तेव्हा ज्याच्या दारात अशी गाडी उभी आहे त्याने सुटे भाग मागवण्याआधी एक करावं. ओळखीच्या रस्त्यावर गाडी सावकाश फिरवून आणावी आणि कागदावर तक्रारी लिहाव्यात. कलते का, डोलते का, ब्रेक मारला की एका बाजूला ओढते का. मग एका वेळी एकच बदल करावा, पुन्हा त्याच रस्त्यावर जावं, आणि यादीतली एक तक्रार खोडावी. बेटकुळी दाखवायला सरळ रस्ता पुरतो, पण घरी पोचायचं तर वळणं घ्यावीच लागतात.